पुस्तकाला हार घालू नका

डिसेंबर लागला की पेपरवाल्यांना पुस्तकांची आठवण येते. मग मोठमोठ्या लोकांना विचारलं जातं : वर्षभरात काय वाचलंत? काय आवडलं? कुणी प्राध्यापक, कुणी साहेब, कुणी नट आपापली यादी देतो. पाच पुस्तकं, त्यातली तीन इंग्रजी. फोटोत मागे काचेचं कपाट. हमालाला कुणी विचारत नाही. हमाल काय वाचणार? पोत्यावरचा मार्का आणि गोदामाचा नंबर.

आपल्या ह्या अंकाच्या पोरांनी मात्र मला विचारलं. वर्षात काय वाचलंस ते लिही म्हणाले. म्हणून लिहितो आहे. पण आधीच सांगतो, ही आवडत्या पुस्तकांची यादी नाही. आवडणं ही चीज फार धोक्याची असते, दोस्तहो. जे पुस्तक पाठीवरून हात फिरवतं ते आपल्याला आवडतं. ज्यानं कानाखाली वाजवली त्याचं नाव आपण घेत नाही. मला ह्या वर्षी एका पुस्तकानं कानाखाली वाजवली. त्याच्यापर्यंत यायचं आहे. वाटेत बाकीची लागतील.

मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत मी दोन वर्षं काढली. आता अकोल्याच्या मालधक्क्यावर आहे. गोदी काय, मालधक्का काय, पाठ तीच. रॅक लागली की रात्र कळत नाही, दिवस कळत नाही. सिमेंट, खत, गहू. रॅक नसली की नुसतं बसणं. त्या बसण्यात मी वाचतो. शिक्षण दहावी. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले आणि १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली, तेव्हा दहावीची मला लाज वाटत नाही. हजेरीच्या वहीत मागच्या पानापासून मी पुस्तकांची नावं लिहितो. पुढून मजुरी, मागून पुस्तकं. वर्षात सतरा झाली. मुकादम म्हणतो, "काय बे, कलेक्टर व्हाचं हाय काय तुले?" मी म्हणतो, "नाई भाऊ, कलेक्टरनं काय लिवलं ते समजलं पाह्यजे."

०

पुस्तकं आणली कुठून, हे आधी सांगितलं पाहिजे. पेपरातल्या यादीत हे कधीच नसतं. त्यांची पुस्तकं जणू आभाळातून पडतात.

आधी एका वाचनालयात गेलो. नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्याचंच नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी फॉर्म दिला. अनामत रक्कम मी दोन दिवसांच्या मजुरीत भरली असती. पण खाली एक ओळ होती : जामीनदाराची सही, जामीनदार पगारदार असावा. मी म्हणालो, "साहेब, धक्क्यावरचे चाळीस हमाल सही करतील." ते म्हणाले, "तसं चालत नाही." चाळीस माणसांच्या पाठीवर गावाचं सिमेंट विसंबून आहे, पण एका पुस्तकाचा विश्वास नाही.

१९२७ सालच्या नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली होती. अध्यक्ष बाबासाहेब. अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न पेटला होता. तेव्हा आपल्या बापजाद्यांनी देवळाचं दार मागितलं. आज मला ते दार नको आहे. मला पुस्तकाचं दार पाहिजे होतं. त्या फॉर्मवर जातीचं नाव कुठंच नव्हतं. फक्त 'पगारदार' असा शब्द होता. जुने शब्द सोवळ्यातले होते, नवे फॉर्मवर छापलेले आहेत. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे, त्यातून अनुदान मिळतं. ते पैसे आपलेही आहेत, एवढं लक्षात ठेवा.

मग रद्दीवाला गाठला. तिथं जामीन लागत नाही, तराजू लागतो. दया पवारांचं 'बलुतं' मी रद्दीत वजनावर घेतलं. १९७८ साली ज्या पुस्तकानं मराठी साहित्याच्या वाड्याचे खांब हलवले, ते काट्यावर पाव किलोच्या आसपास भरलं. मी हमाल आहे, वजन मला कळतं. इतकं जड पाव किलो मी आजवर उचललेलं नाही.

आणि तिसरी जागा म्हणजे दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी. चपला फाटलेल्या बाया, डोक्यावर गाठोडं, आणि हातात पुस्तकाची पिशवी. ज्यांना अक्षर येत नाही त्यासुद्धा नातवासाठी पुस्तक घेऊन जातात. हे पाहिलं की ऊर भरून येतो.

पण पुढं काय होतं? घरी आल्यावर ते पुस्तक कुठं जातं? बाबासाहेबांच्या फोटोखाली. प्लॅस्टिकचा कागद तसाच. समोर मेणबत्ती, वरून हार. हळद-कुंकू नाही एवढाच काय तो फरक. माझ्याही घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' अशीच होती. माझ्या बापानं घेतलेली. बाप गेला, पुस्तकाचा कागद तसाच राहिला. आम्ही पोथी सोडली आणि पुस्तकाची पोथी केली. हे मी शत्रूला नाही सांगत, तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याही घरी तसंच आहे.

०

वर्षाची सुरुवात उद्धव शेळक्यांच्या 'धग'नं झाली. १९६० सालची कादंबरी. ही आपल्या वस्तीची गोष्ट नाही, शिंप्याच्या घरची आहे. कौतिक नावाची बाई गरिबीशी झगडते आणि झिजते. पण पहिल्याच पानांना माझा हात थांबला. मले, तुले, काहून, कायले. आमची भाषा छापलेली! शाळेत 'मले' म्हटलं की मास्तर पट्टी मारायचे. म्हणायचे, 'मला' म्हण. आम्ही समजलो, आमची जात हलकी तशी आमची बोलीपण हलकी. दहा वर्षं शाळेत मी तोंड मिटून बसलो ते ह्या एका 'मले'पायी. आणि इथं अख्खी कादंबरी त्या भाषेत बोलत होती, कुणाची माफी न मागता. प्रमाण भाषा म्हणजे काय? ज्याच्या हाती पट्टी त्याची बोली.

मग बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९६३ साली आलेला संग्रह. त्याच नावाच्या गोष्टीत रेल्वेत कामाला लागलेला एक पोरगा जात लपवतो, ती उघडी पडते, आणि मार खातो. त्याच गोष्टीत काशिनाथ नावाचा आपलाच दुसरा माणूस आहे. तो जात लपवत नाही, छाती काढून सांगतो. मी धक्क्यावर बसून ही गोष्ट वाचली आणि मनात म्हटलं, ठीक आहे, जुन्या काळची आहे. साठ वर्षं झाली. आता कोण जात चोरतो? मी तर काशिनाथच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. ह्याचा हिशेब पुढं येणार आहे.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' तिसऱ्यांदा वाचला. १९७२ सालचा. त्या पुस्तकानं मराठी कवितेच्या अंगणातली रांगोळी पायानं पुसली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. आज वऱ्हाडातले आम्ही डझनभर पोरं 'गोलपिठा' लिहून राहिलो आहोत. आमच्यापैकी कितींनी तो मोहल्ला पाहिला आहे? मी मुंबईत राहून त्या गल्लीतून दोनदा गेलो, तेही मान खाली घालून. ढसाळांनी जे जगलं ते लिहिलं. आम्ही ढसाळांना लिहितो. शिवी घातली की विद्रोह होतो असं आम्हाला वाटतं. शिवी तर मुकादमपण घालतो, सावकारपण घालतो. आमच्या कवितेत मालधक्का कुठं आहे? कापसाच्या जिनात फुप्फुसात रुई भरून खोकणारी बाई कुठं आहे? मूर्तिजापूरच्या स्टेशनावर पुण्याच्या गाडीची वाट पाहणारं, पाठीवर बॅग आणि खिशात डी.एड. घेऊन बेकार फिरणारं पोट्टं कुठं आहे? एके काळी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीतून मँचेस्टरला जात होता. आता आमची पोरं गाठोडी बांधून जातात. ह्यावर कविता लिहायला कामाठीपुऱ्याची उसनवारी कशाला?

०

आता बाबासाहेब.

गोदीत होतो तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात फिरायची. १९१७ साली बाबासाहेब लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत निघाले. पैसे संपले होते. त्यांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं निघाली. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणबुडीनं बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. मी पेटी उचलताना विचार करायचो, त्या पेट्या कुण्या गोदीत कुण्या हमालानं चढवल्या असतील. त्याला काय ठाऊक, आपल्या पाठीवर काय आहे. ह्या माणसानं पुन्हा पुस्तकं जमवली. दादरला राजगृह बांधलं ते माणसांइतकंच पुस्तकांसाठी बांधलं. आणि त्याची लेकरं आम्ही, प्लॅस्टिकचा कागद काढत नाही!

मी ह्या वर्षी 'जातिभेद निर्मूलन' वाचलं. मराठीतून. अकरा रात्री लागल्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण पाहिलं आणि घाबरलं. अमुक गाळा, तमुक गाळा म्हणालं. बाबासाहेबांनी एक ओळ गाळली नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. न झालेल्या भाषणाची ही ताकद.

आमचे पुढारी त्यातलं एवढंच सांगतात की बाबासाहेबांनी हिंदू धर्माची चिरफाड केली. केलीच. पण अकरा रात्री वाचल्यावर मला दुसरं दिसलं. जात ही पायऱ्यांची शिडी आहे, आणि शिडीवरच्या प्रत्येकाला खाली पाय द्यायला कुणीतरी मिळतं. म्हणून ती टिकते. मी आमच्या वस्तीकडं पाहिलं. आमच्या वस्तीच्या पलीकडं मांगांची दहा घरं आहेत. त्यांच्या पोराला आमच्यातल्या पोरीनं पसंत केलं तर काय होईल? खरं सांगा. बाबासाहेबांनी रोटीपेक्षा बेटीव्यवहारावर भर दिला. जयंतीच्या मिरवणुकीत हे पुस्तक आम्ही रथावर ठेवलं होतं. त्या रथाला त्या दहा घरांतला एकही पोरगा खांद्याला खांदा लावून नव्हता. रथावर पुस्तक होतं म्हणून ते कुणी उघडलं नाही. उघडलं असतं तर रथ थांबला असता.

आता तर मोबाइल आला. सकाळी उठलं की निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात बाबासाहेबांची वाक्यं येतात. त्यातली निम्मी त्यांनी कधी म्हटली असतील असं वाटत नाही. पण आम्ही पुढं पाठवतो. अंगठ्यानं सही करणारा आजा अडाणी होता म्हणतात. अंगठ्यानं वाक्यं ढकलणारा नातू काय आहे?

०

आता कानाखाली वाजवणारं पुस्तक.

बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. बाई फलटणच्या. किराण्याचं लहान दुकान चालवायच्या. सामान बांधायला जी रद्दी यायची ती वाचायच्या, आणि वहीत लिहायच्या. लिहिलेलं लपवून ठेवायच्या. नवऱ्यापासून, घरापासून. सुमारे वीस वर्षं. नवरा कुणी जातीयवादी सवर्ण नव्हता, आपलाच, जयभीमवाला माणूस.

हे मला वाचायच्या आधी ठाऊक नव्हतं. मी ते पुस्तक घरी नेलं आणि संध्याकाळी मायला वाचून दाखवायला लागलो. मायला अक्षर येत नाही. मनात माझा रुबाब होता : बघा, मी वस्तीतला कवी, मायला साहित्य वाचून दाखवतो. महारवाड्यातल्या सुनांचा छळ ज्या पानांवर आहे, तिथं आलो. कोवळ्या पोरी, पहाटेचं दळण, सासवांचा जाच. मायच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली, "ह्या बाईले माह्या घरातलं कोणं सांगतलं?" मग किती वेळ काही बोलली नाही. मग बोलली तर रात्रीचे बारा वाजेपर्यंत बोलली. माझ्या आजीबद्दल, माझ्या बापाबद्दल. तो बाप, ज्याच्यावर मी एक मोठी कविता लिहिली आहे, कष्टकरी, क्रांतीचा शिपाई वगैरे. त्या कवितेत मायच्या पाठीवरचे वळ नाहीत. मला ते ठाऊकच नव्हते. खरं तर ठाऊक होते.

माझी धाकटी बहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचं सांगायला पाहिजे. बारावीला तिला माझ्यापेक्षा किती तरी जास्त मार्क होते. तिला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. मी म्हणालो होतो, पैसे कुठून आणायचे? एक वर्ष थांब. मामानं स्थळ आणलं होतं, मी नाही म्हटलं नव्हतं. पैशाचं खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी मी जुनी मोटरसायकल घेतली होती. त्याच वर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईच्या जयंतीला मी स्टेजवरून कविता म्हटली होती, पोरींनो पाटी उचला म्हणून. टाळ्या पडल्या. तेव्हा माझी बहीण घरी चूल सारवत होती.

मायचं बोलणं संपल्यावर धाकटी म्हणाली, "भाऊ, ह्या बाईनं वीस वर्सं चोरून लिवलं. मंग मी बी चोरूनच शिकू काय?"

दोस्तहो, मी प्रस्थापितांना पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. कवितेत, भाषणात, मोर्चात. मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी पुस्तक मिटलं. रात्रभर झोप नाही. सकाळी धक्क्यावर पहिलं पोतं उचललं तेव्हा पाय लटपटले. मुकादम म्हणाला, पिऊन आला काय बे? पिऊन नाही, वाचून आलो होतो.

०

मोटरसायकल विकली. त्यात फार मोठेपणा नाही, ती माझी नव्हतीच, तिच्या कॉलेजची होती. जूनमध्ये तिचा फॉर्म भरला. तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच, ते मी परत देऊ शकत नाही.

मध्ये तिनं माझ्या हाती दुसरं पुस्तक ठेवलं. तिनं स्वतः मैत्रिणीकडून आणलेलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९ सालचं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा इतिहास, त्यांच्याकडं जाऊन, विचारून लिहिलेला. १९४२ सालच्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेब हजर होते. तिच्या अध्यक्ष कोण? सुलोचनाबाई डोंगरे. कुठल्या? अमरावतीच्या! पोरींच्या शिक्षणाबद्दल, संततिनियमनाबद्दल ह्या बाई त्या काळात स्टेजवरून बोलल्या. परिषदेनं घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, एकाहून जास्त बायका करण्याच्या विरोधात ठराव केला. १९४२ साली! मी अमरावतीला पन्नास वेळा गेलो असेन. कविसंमेलनाला, मोर्चाला, लग्नाला. हे नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. कुण्या फ्लेक्सवर नाही, कुण्या भाषणात नाही, माझ्या कवितेत तर नाहीच.

आणि अजून मागं जा. मुक्ता साळवे, लहुजींच्या वस्तीतली मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेतली. १८५५ साली चौदा वर्षांची असताना तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखावरचा. आमच्या वस्तीपलीकडच्या दहा घरांचा वारसा आमच्याही आधीचा आहे, कळलं का? ताराबाई शिंदे, आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सगळ्या पुरुषजातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जोतिबांनी त्यांची बाजू घेतली. त्या जातीनं मराठा होत्या. पण पुरुषाबद्दल त्यांनी जे म्हटलं ते महारवाड्यातल्या पुरुषाला लागू नाही असं मला कुणी सिद्ध करून दाखवावं.

मग अमरावतीला खोली पाहायला गेलो. वसतिगृहाचा नंबर लागायला वेळ होता. तिसऱ्या घरी मालक बरे वाटले. चहा दिला. भाडं ठरलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आमचं आडनाव गावावरून आलेलं आहे, कुणाचंही असू शकतं असं. मी आडनाव सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पाटलांपैकी का?" आणि मी, काशिनाथ, छाती काढून जात सांगणारा, नामांतराची गाणी म्हणत वाढलेला, पँथरचा बिल्ला लावणारा, मी हसलो. हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. तेवढ्यात धाकटी बोलली, "नाई काका, आम्ही बौद्ध आहोत."

खोली मिळाली नाही. भाडेकरू आधीच ठरला होता असं त्यांना एकाएकी आठवलं. रस्त्यावर आल्यावर मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. बागुलांची गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे असं मी जानेवारीत म्हटलं होतं. हसून जात चोरता येते, हे बागुलांच्या त्या पोराला सुचलं नसेल, मला सुचलं. पुस्तक मी वाचलं होतं. तिनं वाचलं नव्हतं तरी तिला समजलं होतं.

आता ती वसतिगृहात आहे. सुटीत आली की माझी पुस्तकं चाळते. माझ्या कविताही वाचल्या तिनं. म्हणाली, "भाऊ, तुह्या कवितेतली बाई एक तं रडते नाई तं मरते. ते पुस्तक कवा वाचते?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

०

आता काही मित्र म्हणतील, हा हमाल घरचं रडगाणं घेऊन बसला. चळवळीपुढं मोठे प्रश्न आहेत. शिष्यवृत्ती अडकते, कंत्राटीकरणानं राखीव जागा खाल्ल्या, गावोगाव आपल्या माणसांना मारलं जातं. अशा वेळी पुस्तकं काय वाचायची? रस्त्यावर उतरायचं!

उतरायचंच. मी कुठं नाही म्हणतो? पण एक सांगा. १९७२ साली पँथर कुणी उभी केली? ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. सगळे लिहिणारे, वाचणारे. मासिकं काढणारे, खिशातल्या पैशांनी छापणारे. रस्त्यावर ते उतरले तेव्हा डोकं बरोबर घेऊन उतरले होते. १९८७ साली सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स'चा, तेव्हा तो कापावा म्हणून प्रतिगाम्यांनी आरडाओरडा केला. १९८८च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. एका पुस्तकासाठी एवढी गरीब माणसं रस्त्यावर आली, ह्याचा अभिमान आहे. पण त्या मोर्च्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, ते पुस्तक वाचलं काय?" ते म्हणाले, "नाई बाप्पा. तुम्ही वाचान म्हून तं आम्ही गेलो होतो."

तुम्ही वाचाल म्हणून आम्ही गेलो होतो. हे कर्ज आहे, दोस्तहो. मोर्च्यात पाय झिजवणाऱ्या पिढीचं कर्ज. ते हारानं फिटत नाही, डीजेनं फिटत नाही.

जयंतीला एका रात्रीच्या डीजेला आम्ही किती मोजतो ते तुम्हाला ठाऊक आहे. नाचू नका असं मी म्हणत नाही, मीही नाचतो. पण पुढच्या वर्षी त्यातला निम्मा पैसा बाजूला काढा. प्रत्येक वस्तीत एक लोखंडी पेटी घ्या. कुलूप लावू नका. जामीन मागू नका, अनामत मागू नका, हरवलं तर हरवू द्या. रविवारी बुद्धविहारात एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी आधी बसायचं, पुढच्या रांगेत. आमच्या मायनं एका रात्रीत त्या पुस्तकाचं जे केलं ते परीक्षण कुण्या प्राध्यापकाला जमणार नाही. आणि पलीकडच्या दहा घरांना निरोप द्यायला कुणी पोरगा पाठवू नका, स्वतः जा.

पहिलं पुस्तक बाईचं घ्या. हे औदार्य म्हणून नाही. आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायची सवय नाही, म्हणून. पांढरपेशांना आपण पिंजऱ्यात उभं केलं, ते खोकले, चिडले, काही थोडे बदलले. आता आपली पाळी आहे.

आमच्याकडं मी सुरुवात केली आहे. फोटोखालच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चा प्लॅस्टिकचा कागद फाडला. पानं एकमेकांना चिकटली होती, सुरीनं सोडवावी लागली. धक्क्यावर नेतो. रॅक नसली की मोठ्यानं वाचतो. तिसऱ्या दिवशी मुकादम येऊन बसला. म्हणाला, "वाच बे, थांबला काहून?" पानांवर सिमेंट पडतं, घामाचे डाग पडतात, एका पानावर चहा सांडला. बापाला हे आवडलं नसतं. बाबासाहेबांना आवडलं असतं असं मला वाटतं.

पुढच्या डिसेंबरात मला यादी विचारू नका. हजेरीच्या वहीची मागची बाजू मी धाकटीला दिली आहे. तिला विचारा. मला काय वाचायला लावलं आणि का, हे तीच लिहील.

जय भीम.